मधमाशीची नजर आणि मंगळावरचे उड्डाण

ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या चांद्रगाडीचे नाव २०२३ साली जनमताने ‘रू-व्हर’ ठरले. रविवारच्या धम्मवर्गात एका मुलीने विचारले, “नाव कांगारूचे, मग ती उड्या का मारणार नाही?” प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. सजीवांकडून यंत्रांनी नेमके काय घ्यावे, हा वाद अभियंत्यांमध्येही जुनाच आहे आणि त्याच्या इतिहासात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा आहे.

अ‍ॅडलेड येथे जन्मलेल्या रॉडनी ब्रूक्स यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये ‘गेंगिस’ हा सहा पायांचा यंत्रकीटक घडविला. त्याला हुकूम सोडणारा मध्यवर्ती मेंदू नव्हता. प्रत्येक पायाचे साधे नियम होते आणि त्यांच्या मेळातून चाल निर्माण होत असे. ग्रहांवर एकच महागडे यान धाडण्याऐवजी असे अनेक स्वस्त कीटक धाडावेत, असे ब्रूक्स यांनी १९८९ मध्ये अनिता फ्लिन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात सुचविले. १९९७ साली मंगळावर उतरलेली सोजर्नर लहान होती खरी, परंतु तिला सहा पाय नव्हते, सहा चाके होती.

आकारापेक्षा मोलाचे ऋण कॅनबेरा येथे सापडले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले विद्युत अभियंते मंड्यम श्रीनिवासन यांनी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत मधमाश्यांना अरुंद बोगद्यातून उडविले. माशी अचूक मधोमध उडे. एक भिंत तिच्याच दिशेने सरकविली की ती त्या भिंतीकडे झुके. दोन्ही डोळ्यांपुढून दृश्य सारख्याच वेगाने सरकले पाहिजे, एवढाच तिचा नियम होता. उतरतानाही ती खालच्या दृश्याचा हा वेग स्थिर राखते. त्यामुळे उंची घटते तसा तिचा वेग आपोआप मंदावतो. उंची मोजावी लागत नाही, नकाशा लागत नाही. सुमारे दहा लाख चेतापेशींत हे सारे चालते. संगणकाची स्मृती उधळणाऱ्या आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लाजविणारी ही काटकसर आहे. माशी कापलेले अंतरही असेच मोजते. मात्र भिंतींवरचे पट्टे उड्डाणाच्या दिशेला समांतर केले, की सरकणारे काही दिसत नाही आणि तिचा हिशेब कोलमडतो.

मंगळावर जीपीएस नाही. ग्रहव्यापी चुंबकक्षेत्र नसल्याने होकायंत्र निरुपयोगी ठरते. पृथ्वीवरून संदेश पोहोचण्यास ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणूनच नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील सरिता ठाकूर यांनी श्रीनिवासन आणि जावान चाहल यांच्यासह मंगळावरील विमानासाठी कीटकांच्या दृष्टीचा अभ्यास केला. चतुर या कीटकाच्या डोक्यावर तीन साधे डोळे असतात. त्यांना स्पष्ट चित्र दिसत नाही, पण उजळ आकाश आणि काळोखी जमीन यांतील भेदावरून शरीर कलले आहे हे क्षणात कळते. त्याच धर्तीचे क्षितिजदर्शक उपकरण २००३ च्या शोधनिबंधात वर्णिले आहे.

मंगळावर प्रत्यक्ष उडाले ते वेगळेच यंत्र. १९ एप्रिल २०२१ रोजी झेपावलेले इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर दिसायला कोणत्याही कीटकासारखे नव्हते. त्याचा कॅमेरा खालच्या जमिनीवरील खुणा कशा सरकतात ते पाही आणि त्यावरून वेग ठरवी. अभियंते आपल्या वाटेने जाऊन माशीच्याच तत्त्वापाशी पोहोचले होते. त्याने ७२ उड्डाणे केली. जानेवारी २०२४ मधील अखेरच्या उड्डाणात खाली केवळ वाळूच्या गुळगुळीत लाटा होत्या. तपासातील निष्कर्ष असा की, पुरेशा खुणा न सापडल्याने त्याचा वेगाचा अंदाज चुकला, ते उतारावर आदळले आणि पाती मोडली. कॅनबेराच्या बोगद्यात पट्टे फिरविल्यावर मधमाशीचे जे झाले होते, तेच.