शिशाचे शिपाई आणि हाडामांसाचे शिपाई

लढाईचा खेळ थोर माणसेही खेळतात, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. परंतु युरोप-अमेरिकेत हा छंद मोठ्या निष्ठेने जोपासला जातो. टेबलावर टेकड्या, कुंपणे, गावे मांडायची. रंगवलेले चिमुकले शिपाई रांगेने उभे करायचे. पट्टीने चाल मोजायची आणि गोळी लागली की हुकली, हे फासे टाकून ठरवायचे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ साली अशा खेळाचे नियम बांधून दिले, ते अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी. १९१३ साली एच. जी. वेल्सने ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ सामान्य वाचकांपुढे ठेवला. इतिहास समजून घ्यायला तो कितपत कामाचा, हे आपण एका लढाईवरून पाहू.

ही लढाई इंग्लंडच्या यादवीतली. राज्य राजाच्या मर्जीने चालायचे की पार्लमेंटच्या, हा तंटा हातघाईवर आला होता. १४ जून १६४५ रोजी नेसबी गावाजवळ दोन्ही सैन्ये भिडली. पार्लमेंटकडे फेअरफॅक्सच्या हाताखाली सुमारे चौदा हजार माणसे, तर राजा पहिला चार्ल्स याच्याकडे नऊ-दहा हजार. पन्नास माणसांमागे एक शिपाई धरला, तर पावणेपाचशे शिपायांत सारी लढाई टेबलावर मावते.

राजाच्या उजव्या बगलेवर त्याचा पंचवीस वर्षांचा भाचा रूपर्ट होता. त्याने समोरचे घोडदळ फोडले आणि तसाच दौडत तो पार्लमेंटच्या सामानाच्या तळापर्यंत गेला. दुसऱ्या बगलेवर क्रॉमवेलनेही समोरचे घोडदळ फोडले. मात्र पाठलागाला त्याने थोडेच स्वार धाडले आणि उरलेले वळवून राजाच्या पायदळावर घातले. रूपर्ट परतला तेव्हा खेळ आटोपला होता. राजाची चार-पाच हजार माणसे कैद झाली.

टेबलावर हे सारे लख्ख दिसते, आणि हा खेळाचा मोठा गुण आम्ही मानतो. पुस्तकात वाचताना रूपर्ट नुसता उतावळा वाटतो. खेळताना कळते की उधळलेले घोडदळ आवरणे हीच खरी कठीण गोष्ट. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पहिल्या दिवशीच्या संपाचा जोर साऱ्यांना दिसतो. विसाव्या दिवशी माणसे एकत्र आहेत की पांगली, यावर निकाल लागतो, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

परंतु क्रॉमवेलचे स्वार आवरले का गेले? खेळात त्यांना फाशावर एखादा गुण अधिक देऊन हा प्रश्न मिटवतात. तो गुण आला कोठून, हे टेबल सांगत नाही. त्यामागे कवायत होती, धर्मश्रद्धा होती, आणि वेळेवर पगार देण्याचे वचनही होते. पायदळातल्या शिपायाला दिवसाला आठ पेन्स मिळायचे. त्यांतले कितीतरी सक्तीने भरती केलेले होते.

टेबलावर आणखीही काही येत नाही. ज्यांना आपण पानिपतच्या कथांतून बाजारबुणगे म्हणून ओळखतो, ती माणसे राजाच्या सैन्यामागेही होती. पाठलाग करणाऱ्या पार्लमेंटच्या शिपायांनी त्यांतल्या निदान शंभर बायका कापून काढल्या आणि कित्येकींचे चेहरे विद्रूप केले. जिंकलेली बाजू न्यायाची म्हणून हे झाकता येत नाही.

पुढे १६४७ साली पार्लमेंटने हे सैन्य मोडायला काढले. तेव्हा पायदळाचा अठरा आठवड्यांचा आणि घोडदळाचा त्रेचाळीस आठवड्यांचा पगार थकला होता. शिपायांनी पलटणीपलटणींतून आपले प्रतिनिधी निवडले. त्यांना ‘ॲजिटेटर’ म्हणत. आज या शब्दाला चिथावणीखोराचा वास येतो. तेव्हा त्याचा अर्थ आपल्या वतीने बोलणारा एवढाच होता. २८ ऑक्टोबर १६४७ रोजी पटनीच्या चर्चमध्ये हे शिपाई क्रॉमवेलसमोर बसले. वाद पगारावरून मतदानावर गेला. ज्याच्यापाशी जमीन नाही त्याला मत असावे की नाही? कर्नल रेन्सबरोने गरिबाची बाजू मांडली. क्रॉमवेलचा जावई आयर्टन याने मालमत्तेची. नेसबीला तो डाव्या बगलेवर लढला होता. शिपायांची मागणी त्या वेळी मान्य झाली नाही.

नेसबीच्या मांडणीचे चित्र त्याच १६४७ साली छापून निघाले; कोणती पलटण कोठे उभी होती हे त्यात दाखवले आहे, आणि खेळाडू आजही त्यावरून शिपाई मांडतात. पटनीला शिपाई काय बोलले, याची टिपणे मात्र कागदांत पडून राहिली. ती १८९१ साली छापली गेली. खेळ जरूर खेळावा. तो डोळे उघडतो. पण डाव संपल्यावर ती टिपणेही वाचावीत, म्हणजे आपण ज्यांना बोटाने सरकवले ती माणसे काय मागत होती हे कळेल.