पाच वर्षांच्या आकड्याची कुळकथा

गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर पहिल्या टप्प्यातच सापडला, तर पाच वर्षं जगण्याची शक्यता किती, याचा आकडा सांगता येतो. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या बाईला तो सांगितला जातो, तेव्हा तो बराच लांबून आलेला असतो. टप्पे पाडण्याची पद्धत रूढ झाली ती 1929 साली राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेच्या समितीमुळे, तीही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी. हेतू भविष्य वर्तवण्याचा नव्हताच. रेडियमने उपचार करणारी रुग्णालयं आपापले निकाल मिरवत होती. पण कुणाकडे सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्ण जास्त, कुणाकडे शेवटच्या. सारख्याला सारखं लावल्याशिवाय तुलना व्हायची कशी? म्हणजे टप्पा हे मुळात हिशेबाचं साधन. 1937पासून वार्षिक अहवाल निघू लागले, 1958मध्ये ते काम स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेकडे, फिगोकडे आलं. बाहेरून तपासून ठरवलेला टप्पा शस्त्रक्रियेनंतर वारंवार चुकीचा निघे. म्हणून 1988मध्ये अस्तराच्या कॅन्सरचा टप्पा काढलेली पिशवी तपासून ठरवण्याचा नियम झाला.

पुढची उडी जनुकांची. 2013मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाने 373 गाठी तपासून या कॅन्सरचे चार गट पाडले. त्यातल्या ‘पोल’ जनुकात बिघाड असलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा उग्र दिसतात, पण त्या बायका उत्तम जगतात. पी-53 बिघडलेल्यांचं उलट. 2023मध्ये फिगोने हे टप्प्यांतच घेतलं: पिशवीपुरती ‘पोल’ गाठ पहिल्या टप्प्यात, पी-53 बिघडलेली आणि स्नायूत शिरलेली गाठ दुसऱ्यात.

यावरून वाटेल, की आता प्रयोगशाळा आली, रुग्णांच्या नोंदींच्या वह्या गेल्या. जनुक काही जिल्हा पाहून बदलत नाही, मग जिल्ह्याची वेगळी नोंद कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण अर्धाच खरा. हॉलंडमधला पोर्टेक-1 हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्यातल्या 714 बायका, निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन. पाच वर्षांत ओटीपोटात आजार उलटण्याचं प्रमाण रेडिएशन न घेतलेल्यांत 14 टक्के, घेतलेल्यांत 4. एवढा फरक पडूनही जिवंत राहिलेल्या अनुक्रमे 85 आणि 81 टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाहीच. या कॅन्सरने गेलेल्या तर 6 आणि 9 टक्केच. बाकीच्या इतर कारणांनी गेल्या. सुरुवातीच्या टप्प्यात जगण्याचा आकडा असा निम्मा इतर दुखण्यांचा असतो, आणि ती दुखणी, त्यांवरचे उपचार, दवाखान्याचं अंतर जिल्ह्यागणिक बदलतं. ‘पोल’ची गाठ भाग्याची, हेही कळलं ते त्या बायकांचं पुढे काय झालं याची नोंद कुणीतरी ठेवली म्हणून.

ही नोंद इथे जमणार नाही, असं म्हणायला जागा नाही. 1987मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांत अनेक रुग्ण दवाखान्यापर्यंत येतच नसत, तेव्हा नोंदणीचे कार्यकर्तेच गावोगाव गेले, लक्षणं समजावत आणि मृत्यू टिपत. पुढे उस्मानाबाद-बीडची नोंदणीही राष्ट्रीय कार्यक्रमात आली. अंबाजोगाई तिच्याच कक्षेत. शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999पासून सव्वा लाखाहून अधिक बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या चाचणीचा अभ्यास झाला आणि त्याचे मृत्यूंचे आकडे 2009मध्ये जगाने वाचले. आपल्या वहीतून जगाला उत्तर देणं या भागाला नवं नाही.

दुसरा आक्षेप असा, की अस्तराचा कॅन्सर इथे मुळात कमी. इतक्या थोड्या रुग्णांवरून टक्केवारी काय काढणार? थोड्या आहेत, खरंच. एकट्या जिल्ह्याचा आकडा डळमळीतच राहील, शेजारच्या नोंदण्या एकत्र कराव्या लागतील. पण ‘कमी’ म्हणताना भागायचं कशाने? 2019मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती घालून काढल्याच्या तक्रारीही होत्या. ज्यांना पिशवीच नाही, त्यांना हा कॅन्सर होऊ शकत नाही, तरी जिल्ह्याच्या दरात त्या सगळ्या छेदात मोजल्या जातात. दर त्यामुळे काही अंशी तरी खोटाच कमी दिसतो. तेव्हा जनुक-चाचणीचं यंत्र येवो न येवो, पाहणीच्या अर्जात एक रकाना आधी हवा: पिशवी आहे का, काढली असेल तर कोणत्या वयात, आणि काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का.