नैराश्य (आजार)
उपचाराने बहुधा बरा होणारा, तरीही बहुतांशी उपचाराविना राहिलेला मनोविकार. उदासी किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक लक्षण सलग दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ टिकले आणि जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली, अपराधी वाटू लागले किंवा मरणाचे विचार येऊ लागले, की डॉक्टर हे निदान करतात. धान बुडाले म्हणून झालेले दुःख म्हणजे आजार नव्हे. मात्र त्यातून आजार जडू शकतो.

तुमसरसारख्या तालुक्याच्या गावी रुग्ण ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. करमत नाही, डोके जड आहे, अंग दुखते, टेन्शन आहे, अशी तक्रार घेऊन तो फॅमिली डॉक्टरकडे जातो आणि अनेकदा सलाइन किंवा ताकदीचे इंजेक्शन घेऊन परततो. थायरॉइड व रक्तक्षय तपासणे योग्यच. पण अहवाल चांगले आले म्हणजे आजार नाही, असे होत नाही. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या 100 रुग्णांपैकी सुमारे 85 उपचाराविना आढळले.

दुसरा अडसर धास्तीचा. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासूनचे. मनाचा डॉक्टर म्हटले की घरच्यांना तेच आठवते. वास्तविक बहुतेकांना भरती व्हावेच लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ उपक्रमाने हे दाखवून दिले. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी रुग्ण ओळखले, समुपदेशकांनी बोलून उपचार केले, गरज पडली तरच मानसोपचारतज्ज्ञ. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच असलेल्या पूर्व विदर्भाने उचलावा असाच हा नमुना आहे.

सौम्य आजारात समुपदेशन व सुटलेली रोजची कामे टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करणे पुरते. मध्यम व तीव्र आजारात फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी औषधे देतात. ती झोपेच्या गोळ्या नव्हेत व त्यांचे व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमके याच काळात ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडल्या जातात. बरे वाटल्यावरही त्या साधारण सहा महिने चालू ठेवतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. मरणाची भाषा सुरू झाली तर रुग्णाला एकटे ठेवू नये, घरातले कीटकनाशक हलवावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ‘टेलिमानस’चा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून अहोरात्र चालू असून तेथे मराठीत बोलता येते.