कंपवात आणि बोलण्याचा ताल

कंपवाताचें नांव काढलें कीं थरथरणारा हात डोळ्यांपुढें येतो. परंतु या रोगांत हाताप्रमाणें जीभहि सांपडते, आणि तिची व्यथा नीट ध्यानीं यावयास वैद्यांना फार काळ लागला.

लंडनच्या हॉक्स्टन भागांतील वैद्य जेम्स पार्किन्सन यानें १८१७ सालीं या रोगावर छोटेखानी निबंध लिहिला. रोगी सारे सहा; त्यांतले कांहीं रस्त्यांत भेटलेले, एक तर केवळ दुरून पाहिलेला. रोगी पुढें झुकतो, पावलें आंखूड होतात आणि चालतां चालतां तो इच्छा नसतां धांवूं लागतो, हें पार्किन्सननें अचूक टिपलें. पुढें पुढें त्याचें बोलणें समजेनासें होतें, हेंहि लिहिलें; पण धांवत्या पावलांचें आणि बिघडलेल्या वाणीचें नातें जुळविण्याचें राहिलें.

पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयांत शार्कोनें या रोगाला पार्किन्सनचें नांव दिलें. रोग्याचें बोलणें ऐकून त्याला दुडक्या चालीच्या घोड्यावर बसलेला नवशिका स्वार आठवला. हादऱ्यागणिक शब्द तुटावयाचा. उपमा सुरेख खरी. मात्र तींत कंप ऐकूं येतो, ताल नव्हे.

तालाकडे पद्धतशीर कान दिला तो अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या डार्ली, ॲरॉन्सन व ब्राऊन या त्रयीनें, १९६९ सालीं. ‘उद्यां सकाळीं पुण्याला जावयाचें आहे’ हें साधें वाक्य घ्यावें. निरोगी मनुष्य ‘उद्यां’वर किंवा ‘पुण्याला’वर जोर देतो, मधें सहज विसावतो. या रोग्याचा स्वर सपाट राहतो, जोर कोठेंच पडत नाहीं; तो भलत्याच जागीं थांबतो, आणि उरलेले शब्द एका दमांत एकमेकांवर आदळत बाहेर पडतात. पार्किन्सननें पाहिलेली आंखूड पावलांची धांवच ती; पायांऐवजीं जिभेची. घरच्यांना वाटतें, म्हातारा तुसडा झाला, त्याचें कशांतच मन नाहीं. वस्तुतः मनांत भावना असते. ती पोंचविणारा स्वरांचा चढउतार तेवढा गेलेला असतो. आपला आवाज बारीक झाला, हें पुष्कळदां रोग्याला स्वतःला जाणवतहि नाहीं. इतरांचेच कान गेले असें तो धरून चालतो. कित्येक घरांतला अबोला एवढ्याशा गैरसमजानें वाढतो.

मध्यमेंदूंतील काळसर पेशींचा एक पट्टा या रोगांत झिजतो, हें त्रेत्याकॉफनें १९१९ सालीं दाखविलें. त्या पेशी पुरवितात त्या डोपामिन द्रव्याची रोग्याच्या मेंदूंत उणीव असते, हें व्हिएन्ना येथें १९६० सालीं उघड झालें. सवयीच्या हालचालींची गति व आवांका सांभाळणाऱ्या केंद्रांना हें द्रव्य लागतें. आणि बोलण्याएवढी सवयीची हालचाल दुसरी कोणती? लगेच लेव्होडोपा हें औषध आलें. (आपल्या खाजकुइलीच्या बियांतून तेंच द्रव्य भारतीय शास्त्रज्ञांनीं १९३७ सालीं वेगळें केलें होतें.) हात सुटले, पाय सुटले; वाणीला मात्र तितकासा गुण आला नाहीं.

मग हरपलेला ताल बाहेरून पुरविण्याची युक्ति निघाली. १९७९ सालीं अमेरिकेंत खणाखणांची एक फळी वापरण्यांत आली. एका खणावर बोट टेकवावें, एक अक्षर उच्चारावें, मग पुढचा खण. पुढें १९८७ च्या सुमारास ‘मोठ्यानें बोला’ एवढ्याच सूत्रावर उभारलेली तालीम तेथेंच सुरू झाली. आठवड्यांतून चार दिवस, असे चार आठवडे. नवल असें कीं, आवाज मोठा झाला म्हणजे उच्चारहि स्पष्ट होतात आणि स्वर हलूं लागतो. घरचा रोजचा सराव सुटला, तर तो पुन्हा खालीं जातो.