'कोरम' शब्द आणि इंग्लंडमधील अवेतन न्यायाधिकारी

सभेत 'कोरम' झाला की नाही, हे पाहताना आपण उपस्थितांची केवळ संख्या मोजतो. परंतु ज्या संस्थेतून हा शब्द आला, तेथे तो संख्येचा नव्हे, योग्यतेचा वाचक होता. ती संस्था म्हणजे इंग्लंडमधील 'जस्टिस ऑफ द पीस', अर्थात कायद्याचा व्यवसाय न करणाऱ्या अवेतन न्यायाधिकाऱ्यांची परंपरा होय.

इ. स. १३६१ च्या कायद्याने प्रत्येक परगण्यात एक सरदार, तीन-चार प्रतिष्ठित गृहस्थ व काही कायदेपंडित नेमावे असे ठरले. पुढे त्यांच्या लॅटिन सनदेत काही नावे निराळी काढून, 'ज्यांपैकी' कोणी एक हजर असलाच पाहिजे, अशी अट घातली जाई. हे 'ज्यांपैकी' म्हणजेच 'कोरम'. संबंधी सर्वनामाचे षष्ठीचे हे अनेकवचन कालांतराने नाम बनले.

दरम्यान पात्रतेचे गमक बदलत गेले. १४३९ मध्ये वार्षिक २० पौंडांच्या जमिनीची अट आली. १७३२ मध्ये ती १०० पौंडांवर गेली. शिकारीच्या कायद्याखालील आरोपीचा निवाडा शिकारीचा हक्क भोगणारा जमीनदारच करू लागला. १७६५ मध्ये ब्लॅकस्टोनने नमूद केले आहे की, कोरममध्ये आता जवळजवळ सर्वांचीच नावे घालतात. केवळ रीत म्हणून एखादा बिनमहत्त्वाचा मनुष्य वगळतात. शब्द उरला, अर्थ गेला. कायद्याचे ज्ञान न्यायासनावरून उतरून कारकुनाच्या मेजावर आले.

मालमत्तेची अट १९०६ मध्ये रद्द झाली; १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना हे पद खुले झाले. १९४९ च्या कायद्याने प्रशिक्षणाची तरतूद केली आणि १९६६ पासून नव्या नेमणुकांसाठी ते सक्तीचे झाले. या प्रशिक्षणाचा हेतू न्यायाधिकाऱ्यास वकील बनविण्याचा नाही. कामकाजाची रीत, पुराव्याचे मोल व शिक्षेचे प्रमाण त्याला उमगावे, एवढाच आहे. आजही स्थानिक सल्लागार समित्यांच्या शिफारशीने पदवीविना नेमणूक होते. सामान्यतः दोघे-तिघे मिळून तथ्य व शिक्षा ठरवितात. कायद्याचा मुद्दा विधी-सल्लागार सांगतो, पण निर्णयात त्याला मत नसते.

म्हणजे चौदाव्या शतकातील गरज संपलेली नाही, तिची जागा तेवढी बदलली आहे. सामान्य माणसाच्या हाती न्याय सोपवावयाचा, तर जाणता मनुष्य जवळ हवा, हे जुन्या सनदेने ओळखले होते. आपल्या 'कोरम'मध्ये मात्र केवळ मोजणी शिल्लक आहे.