राजपुत्रांचे रान

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आज लोखंडाच्या सळ्या तयार होतात. पण मराठवाड्यात हरणांचे कळप अजूनही उभ्या पिकात शिरतात. तेव्हा हरणाची शिकार हा विषय आपणांस परका नाही. मात्र मुलाला शिकारीच्या रानात नेण्याची हकीकत शोधू लागलो, की आम्हांला कोल्हापूर आठवते.

राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी शिकारी चित्ते होते. अशा शिकारीत डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता गाडीवरून नेत. गाड्यांना सरावलेली काळविटे लवकर बुजत नसत. टोपी काढली की एकच झेप. ती हुकली, तर चित्ता बहुधा पाठलाग सोडून देई. राजघराण्यांत मुलाला हे दाखविणे शिक्षणच मानीत. मांड पक्की व्हावी, धीर यावा. त्यात क्रौर्य नव्हते, असे मात्र आम्हांला म्हणवत नाही.

महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी यांचा जन्म १८९९ चा. १९१८ साली रानडुकराच्या शिकारीत अपघात होऊन ते गेले. महाराजांनी तो घाव चार वर्षे सोसला. १९२२ साली तेही गेले.

१९५२ साली भारतातला चित्ता नामशेष ठरला आणि १९७२ च्या कायद्याने काळविटास संरक्षण मिळाले. आता शेतकऱ्याचे पोर बापामागे रानात जाते, ते हरणे हुसकावण्यापुरते.