एड्सची गोळी आणि मेंदूतली गाठ

मागच्या सुट्टीत बुलढाण्याला गेलो, तेव्हा शेजारच्या काकूंनी मोबाईल पुढे केला. "काऊन रे, एड्सची गोळी मेंदूच्या गाठीवर चालते म्हणे?" त्यांच्या भावाला ग्लायोब्लास्टोमा आहे. दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

प्रोटिएज म्हणजे प्रथिनं कापणारी कात्री. आपल्या लोणार सरोवरातले जिवाणूही ती बनवतात. एचआयव्ही आपली प्रथिनं लांब साखळीत तयार करतो आणि मग याच कात्रीने त्यांचे तुकडे करतो. कात्री अडवली की नवे विषाणू कच्चेच राहतात. 1989 मध्ये तिची रचना उलगडली आणि डिसेंबर 1995 मध्ये अमेरिकेत सॅक्विनाविरला मान्यता मिळाली. 2001 मध्ये पुण्याच्या एनसीएलमधल्या माला राव यांच्या गटानेही एका बॅसिलस जिवाणूपासून मिळवलेल्या अशा अवरोधकावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

मग कर्करोग कुठून आला? नव्या उपचारांनंतर एड्सच्या रुग्णांमधला कापोसी सार्कोमा कमी झाला. प्रतिकारशक्ती सुधारली, हे कारण होतंच. पण 2002 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की ही औषधं गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्याही रोखतात. पुढे नेल्फिनाविर पेशीतला 'एकेटी' हा जगण्याचा संदेश दाबतं आणि रेडिएशनचा परिणाम वाढवतं, असंही दिसलं. गंमत बघा, माणसाच्या पेशीत एचआयव्हीची कात्री नसतेच! म्हणजे औषध दुसरंच काहीतरी अडवत होतं.

ग्लायोब्लास्टोमात आशा धरायला कारण होतं. 2005 मध्ये रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड मिळाली, तरी सरासरी आयुष्य 12.1 वरून 14.6 महिन्यांवरच गेलं. पण 2011 मध्ये रिटोनाविर-लोपिनाविरची छोटी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात अपेक्षित फायदा दिसला नाही. एक अडचण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची आहे. तिथले पंप ही औषधं परत बाहेर फेकतात.

काकूंना मी एवढंच सांगितलं, की गोळी स्वतःहून आणू नका. रिटोनाविर यकृतातलं औषधं मोडणारं एन्झाइम अडवतं. मेंदूची सूज उतरवायला दिलेलं डेक्सामेथासोन त्यामुळे शरीरात साचू शकतं. चाचणीत भाग घेता येईल का, हे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं, कागदावर लिहून दे. डॉक्टरले दाखवतो." दिलं लिहून.